धुतलेले हात

हात धुण्यात ती नापास झाली, आणि तेही दुसऱ्यांदा.

नाडी बघण्यात नाही, इंजेक्शनात नाही, जखम बांधण्यात नाही. हात धुण्यात. वय बेचाळीस. आरोग्य केंद्रात अठरा वर्षं मावशी म्हणून काढलेली. फरशी पुसण्यापासून अडलेली बाळंतीण मोकळी होईपर्यंत काय काय केलं, ते तिने मोजायचं कधीच सोडून दिलं होतं. आणि आता विशीसुद्धा न गाठलेल्या पोरींच्या देखत तिच्या कागदावर लाल शाईने आलं : हात धुणे – अपात्र. त्या नर्सिंगच्या शाळेचा नियमच असा, की हात धुण्यात अपात्र ठरलं तर पुढचं प्रात्यक्षिक बघायचंच नाही. मग तुम्हाला बाकीचं जग येत असलं तरी उपयोग नाही.

संधी तीन. दोन गेल्या. तिसरी नऊ दिवसांनी. केंद्रात काम केलेल्या बायकांसाठी या शाळेत एक जागा राखलेली होती, ती आयुष्यात एकदाच मिळते. तिसऱ्यांदा चुकलं की नाव कमी, आणि पुन्हा हातात फडकं.

घरात तिला थोरली म्हणत, शाळेत मावशी. सिस्टर अजून कोणी म्हणत नव्हतं.

खरं तर भानगड नळाची होती. पुस्तकातल्या चित्रात नळाला लांब दांडी होती, कोपराने ढकलली की पाणी बंद. शाळेतली दांडी केव्हाच मोडली होती आणि तिच्या जागी गोल मुठीचा साधा नळ बसवला होता. ती मूठ धुतलेल्या हाताने धरायची नाही, कोरड्या कागदाने धरायची. कागद कधीच नसायचा. "कागद आहे असं समजा," असं शिकवणाऱ्या बाई म्हणत. पोरी समजत. दोन बोटांची चिमटी करून हवेतला कागद उचलत, नळ बंद करत आणि पास होत.

थोरली तिथपर्यंत पोचलीच नव्हती. पहिल्या वेळी तिने हात ओले केले, नळ बंद केला आणि मग साबण घेतला. जन्मभर जसं केलं तसंच. दुसऱ्या वेळी ती मनाशी घोकून आली होती, की पाणी चालूच ठेवायचं, काही झालं तरी. तळवे झाले, हातांच्या मागच्या बाजू झाल्या, बोटांच्या बेचक्या झाल्या. पाणी धो धो बेसिनमध्ये पडत होतं आणि कोणाच्याही उपयोगाचं न होता भोकातून जात होतं. अंगठ्यापाशी आली आणि तिचा साबणाचा हात तिला न विचारता गेला. नळ घट्ट बंद झाला. थेंबसुद्धा गळू नये म्हणून तिने वर एक पिळा जास्तीचा दिला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मावशी, अहो काय हे!" बाईंनी पेन टेबलावर टाकलं. बाई तिशीच्या असतील, कडक इस्त्रीच्या. "पाणी चालू ठेवायचं असतं."

"वाया जात होतं."

"पाण्याचं तुम्ही बघू नका. जंतूंचं बघा."

"हो."

"आणि नखं बघा तुमची. काळी."

"कांद्याची आहेत बाई. पात कापून कापून होतात. घासून जात नाहीत."

बाईंनी लाल पेन उचललं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सगळा रस्ता तिच्या डोक्यात तोच पिळा फिरत राहिला. राग कोणाचा, तेही कळेना. बाईंचा म्हणावा तर त्या चुकीचं काही बोलल्या नव्हत्या. स्वतःचा म्हणावा तर तिने पाणी वाचवलं होतं. अशा रागाचं काय करायचं ते कळत नाही, तो नुसता छातीत बसून राहतो. ती बसथांब्यावर उतरली आणि पांढरा ड्रेस सांभाळत थेट वावरात गेली, कारण घरी जाऊन बदलण्याएवढा वेळ कोणाकडेच नव्हता.

वावरात कांदा काढणी चालली होती. विहीर दोन महिन्यांपूर्वीच तळाला गेली होती, शेवटचं पाणी न मिळाल्याने कांदा मुठीएवढा व्हायचा तो लिंबाएवढाच राहिला होता, पण तोही उन्हात भाजायच्या आत काढायला हवा होता. नवरा पुढे उपटत चालला होता. धाकटी जाऊ आणि दोन मजूर बायका ओळीत उकिडव्या बसून विळ्याने पात कापत होत्या. धाकटीचा नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. पोरांना सुट्टीत आजोळी पाठवलेलं होतं, तेवढंच पाणी वाचतं.

तिने पिशवीतला जुना शर्ट ड्रेसवर चढवला, विळा घेतला आणि बसली.

"काय झालं?" नवऱ्याने मागे न बघता विचारलं.

"नाही झालं."

"पुन्हा?"

"पुन्हा."

त्याने पुढचे तीन कांदे जरा जोरात उपटले. मजुरांपैकी एकीला मात्र राहवलं नाही. "कशात गेलं म्हणायचं या वेळी?"

थोरली विळा चालवत राहिली. धाकटीने खाली बघत सांगून टाकलं, "हात धुण्यात."

"अगं बाई! दीड वर्ष शाळेत जाऊन हात धुता येईनात?" ती बाई इतकी हसली की तिला विळा खाली ठेवावा लागला. दुसरी म्हणाली, "आमच्याकडे पाठवा त्या मास्तरणीला. आम्ही तर धूतच नाही, नापास करायचा प्रश्नच नाही." मग त्या दोघी हसल्या, आणि धाकटीसुद्धा ओठ दाबून हसली. थोरलीला ते हसूच जास्त लागलं. चिडून तिने इतका जोरात विळा मारला की पातीबरोबर कांद्याचाही काप निघाला. असा कांदा टिकत नाही. नवऱ्याने तो बघितला आणि उचलून बाजूला टाकला.

ऊन उतरल्यावर ती घरी आली आणि नेहमीसारखी आधी सासूच्या खोलीत गेली.

सासूला अर्धांगवायू होऊन पाच वर्षं होत आली होती. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. त्यातली पहिली साडेतीन वर्षं सगळं थोरलीने केलं. केंद्रातून दुपारी सुटून यायची, पुसायची, कूस बदलायची, भरवायची. एवढ्या वर्षांत म्हातारीच्या पाठीवर एक डाग नव्हता. गावात कोणी कौतुक केलं नाही, पण तिला स्वतःला ते माहीत होतं आणि तेवढ्यावर ती खूष होती. शाळा सुरू झाली तसं ती सकाळी सातच्या बसने जायची आणि चारला यायची. मधले तास धाकटीवर आले, आणि कांदा काढणी सुरू झाल्यापासून संध्याकाळचं पुसणंही.

दारातच तिला वास आला. हा वास ती ओळखत होती. केंद्रात अठरा वर्षं ओळखत आली होती.

तिने म्हातारीला कुशीवर वळवलं. म्हातारी कण्हली. खाली अंथरलेलं रबराचं कापड पाठीला चिकटून वर आलं, मग सुटलं. माकडहाडावर लिंबाएवढा लाल चट्टा होता आणि त्याच्या मध्ये कातडी गेलेली होती.

थोरलीने धाकटीला हाक मारली. तिच्या हाकेत काहीतरी असावं, कारण धाकटी हातातलं काम टाकून पळत आली.

"आडवी चादर कुठे आहे?"

"कोणती?"

"रबरावर घालायची. सुती. कुठे आहे?"

"पेटीत."

"पेटीत काय करतेय ती?"

धाकटीने उत्तर द्यायच्या आत चट्टा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. पण उतरलेला चेहरा तिने लगेच सावरला. "मग काय करू? रोज ती भिजणार, रोज धुवायची. दोन बादल्या जातात एका चादरीला. टँकर चौथ्या दिवशी येतो. रबर काय, पुसलं की झालं. तुम्हीच तर आणलंत ते शाळेतून."

"मी सांगितलं होतं, खाली रबर, वर चादर, मग माणूस. तीनदा सांगितलं होतं."

"हो, सांगितलंत ना. सांगून बसमध्ये बसलात."

शाळेतून शिकून थोरलीच ते रबर घेऊन आली होती. त्या दिवशी केवढ्या तोऱ्यात तिने ते अंथरून दाखवलं होतं, कोपरे कसे दुमडायचे, सुरकुती कशी ठेवायची नाही. ती हे शिकायच्या आधी खाली जुनी गोधडी असायची, आणि गोधडीवर म्हातारीची पाठ शाबूत होती.

"दुखतंय का आई?" तिने वाकून विचारलं.

म्हातारीने डावा हात हलवला. "ना... ही," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती. दोघी सुनांत भांडण नको म्हणून ती आजारी पडायच्या आधीही असंच बोलायची.

जेवताना नवरा म्हणाला, "तू सोड आता ते."

"का?"

"का काय? आईची पाठ बघितलीस ना? परक्यांच्या पाठी पुसायला शिकायचं आणि घरातली पाठ सडवायची. लोक काय म्हणतील?"

"तुमची आई आहे. दुपारी एकदा कूस बदलायला तुम्हाला काय होतं?"

"मी? मी कसं करणार ते?"

"हातांनी," ती म्हणाली.

तो ताट तसंच ठेवून उठला. वाईट माणूस नव्हता. दिवसभर वाकून त्याचीही कंबर मोडली होती, आणि स्वतःच्या आईला उघडं बघायचं त्याच्या जिवावर यायचं. पण थोरलीला त्या वेळी त्याची बाजू घ्यायची नव्हती. सगळ्यांच्या बाजू घेऊन घेऊन तिला स्वतःला बाजूच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिने पहाटेचं एक काम वाढवलं. मीठ घालून पाणी उकळायचं, झाकून निववायचं, जखम पुसायची, स्वच्छ कपडा ठेवून पट्टी लावायची. जखमेला हात लावायच्या आधी हात धुवायचे. अंगणात पाण्याचं पिंप होतं आणि त्याच्या झाकणावर धाकटीची सत्ता होती. थोरलीने दोन्ही हात पुढे धरले आणि धाकटीने तांब्याने बारीक धार धरली.

दोघी बोलत नव्हत्या. धार बोलायची. थोरली साबण लावायला लागली की धाकटी तांब्या सरळ करायची, चोळून झालं की पुन्हा वाकडा करायची.

"बास?"

"अजून."

"अर्धा तांब्या झाला."

"अजून घाल. जखम आहे."

धाकटी घालायची, पण पाण्याकडे बघत. चौथ्या दिवशी सकाळी तिने न राहवून विचारलं, "शाळेतही एवढंच धुता?"

"याच्या दसपट."

"मग नापास कशा होता?"

थोरलीने हात वर धरून ठेवले होते, पाणी कोपरांकडून गळत होतं. ती सांगू लागली, नळाचं, गोल मुठीचं, समजायच्या कागदाचं. सांगताना ती पुन्हा चिडली. "नसलेला कागद धरायचा, कळलं का? माझं वय बेचाळीस आहे. मी कशाला नसलेला कागद धरू?"

"आणि इथे कसं जमतं?"

"इथे तू ओततेस ना. मला कुठे नळ धरावा लागतो."

बोलता बोलता तिला पुस्तकातलं काहीतरी आठवलं. मग म्हातारीची पट्टी करून ती आत गेली, पुस्तक काढलं आणि बस चुकेल याची पर्वा न करता उभ्या उभ्या पानं उलटत राहिली. पान त्रेचाळीस. चित्राच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ती तिने दोनदा वाचली आणि बसमागे पळत सुटली.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी नेमका टँकर यायचा होता आणि नेमकी गोण्या भरायला गाडी यायची होती. सकाळी नवरा दारात आडवा उभा नव्हता, पण बाजूलाही होत नव्हता.

"आज दोन माणसं कमी पडतात," तो म्हणाला.

"मला कळतं."

"टँकर आला आणि घरी कोणी नसलं तर चार दिवस कोरडे जातील."

"मी आहे टँकरला," धाकटी आतून म्हणाली. "दुपारी आईंची कूसही बदलीन. चादर घातलीय आज. जाऊ द्या त्यांना, नाहीतर जन्मभर बोलून दाखवतील."

प्रेमाने म्हणाली असं नाही. तिलाही कामाचा वैताग होता आणि तो आवाजात होता. पण नवरा बाजूला झाला.

शाळेत तिचा नंबर सर्वांत शेवटी होता. नापास झालेल्या तिघीच होत्या, त्यातल्या दोघी हवेतला कागद धरून सुटल्या. मग बाईंनी हाक मारली. "मावशी, या. आज तरी करा बाई नीट. मलाही तुम्हाला काढायला आवडत नाही."

ते त्या मनापासून म्हणाल्या, आणि थोरलीला त्याचा जास्तच राग आला.

तिने नळ सोडला. पूर्ण सोडला. हात ओले केले, साबण घेतला. तळवे. मागच्या बाजू. बेचक्या. पाणी पडत होतं. तिने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण आवाज कसा बंद करणार? हा एक तांब्या गेला. हे दोन गेले. या वेळेला धाकटी टँकरच्या पाइपाखाली बादल्या सरकवत असेल, शेजारणीशी भांडत असेल. बोटांच्या मागचा भाग. अंगठा. तिचा हात किंचित हलला. तिने तो दुसऱ्या हाताने पकडला आणि अंगठ्याभोवती फिरवला, कातडी लाल होईस्तोवर फिरवला. बोटांची टोकं. मनगटं. एक बादली गेली असेल. म्हातारीची अर्धी चादर धुऊन झाली असती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं, निव्वळ संतापाचं होतं.

हात स्वच्छ झाले. तिने ते वर धरले, बोटं वर, कोपरं खाली, आणि उभी राहिली.

नळ चालूच होता.

"आता नळ," बाई म्हणाल्या. "कागद आहे असं समजा."

"मला नाही समजता येत, बाई."

"मावशी, असं करू नका. दोन बोटांचं काम आहे."

"कागद नाही. मूठ घाण आहे. मी न धुतलेल्या हाताने आत्ताच ती फिरवली. धरली तर हात पुन्हा घाण होतील आणि तुम्ही मला नापास कराल. ते बरोबरही आहे." तिचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणला नाही. "पान त्रेचाळीस. कागद उपलब्ध नसल्यास नळ सहाय्यकाने बंद करावा."

"इथे सहाय्यक कोण आहे?"

"तुम्ही आहात."

पाणी कोणासाठी थांबत नव्हतं. बाईंनी पुस्तक ओढलं, पान काढलं, बोट फिरवत फिरवत खालपर्यंत नेलं. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. थोरली हात वर धरून तशीच उभी होती. दंड भरून आले होते, कोपरांवरून थेंब पायांवर पडत होते. अठरा वर्षं तिला लोक म्हणाले होते, मावशी हे उचला, मावशी ते बंद करा. ती उचलत आली होती, बंद करत आली होती.

"नळ बंद करा बाई," ती म्हणाली. "पाणी वाया जातंय."

बाई उठल्या. खुर्चीचा आवाज झाला. बेसिनपाशी येऊन त्यांनी मूठ फिरवली. नळ नीट बंद झाला नाही, थेंब गळत राहिला.

"अजून एक पिळा द्या," थोरली म्हणाली.

बाईंनी दिला. मग जागेवर जाऊन बसल्या आणि निळ्या शाईने काहीतरी लिहिलं. "हात झाले," त्या म्हणाल्या. "पुढची चिठ्ठी उचला."

पुढचं सगळं तिला येतच होतं. दीड तासात संपलं आणि कागदावर पास आलं. तिला वाटलं होतं आनंद होईल. पण एवढ्याशा गोष्टीसाठी केवढं झिजावं लागलं, याचीच चीड उरली होती, आणि ती घेऊनच ती बसमध्ये चढली.

घरी पिंप काठोकाठ भरलं होतं. धाकटीचे कपडे कंबरेपर्यंत ओले होते आणि कपाळाला खोक पडून ते सुजलं होतं. टँकरवर कोणाची तरी बादली लागली होती.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"झालं. नळ बाईंनी बंद केला."

"कोणी?"

"बाईंनी. मी करायला लावला."

धाकटी हसली. त्या दिवशी वावरात हसली होती तसं ओठ दाबून नाही, तर जखमी कपाळाला हात लावून कळवळत हसली. थोरलीलाही हसू आलं, पण ते मध्येच तुटलं. आतून म्हातारी कण्हत होती. जखम होती तेवढीच होती, अजून महिनाभर तरी भरणार नव्हती. शाळेचे सहा महिने बाकी होते आणि उद्या पुन्हा सातची बस होती.

"चल," थोरली म्हणाली. "पट्टी करून घेऊ. तुझं कपाळही बघते."

ती अंगणात उकिडवी बसली आणि काळे पडलेले हात पुढे धरले. धाकटीने झाकण काढलं, तांब्या बुडवला, धार धरली. साबण लावताना तांब्या सरळ झाला नाही. धार पडतच राहिली.

"बास," थोरली म्हणाली.

"राहू द्या," धाकटी म्हणाली आणि तिने अख्खा तांब्या रिकामा केला.